तिसरीचं फाटक

सोमवार, २८ जानेवारी २०१९

नेकियाला वाचनाच्या गटातून काढा, असं आज टेरेलने मला सांगितलं. म्हणून लिहायला बसले. शाळेत हे बोलावं कोणाशी? सगळ्यांना तोच हुकूम आहे आणि सगळ्यांनी मान डोलावली आहे. घरात तर भिंतीच.

झालं ते असं. जेवणाच्या सुट्टीनंतर टेरेल मला बैठकीच्या खोलीत घेऊन गेला. टेरेल म्हणजे आमचे प्राचार्य, डॉक्टर टेरेल गिव्हन्स. मी इथे तिसरीला शिकवते; तोही माझ्याच वर्गात पेन्सिलचं रबर चावत बसायचा. त्या खोलीच्या भिंतीवर तिसरीतल्या प्रत्येक मुलाचं कार्ड टाचलेलं आहे. हिरवं म्हणजे एप्रिलच्या परीक्षेत पास होणार. पिवळं म्हणजे काठावर. लाल म्हणजे बुडणार. नेकियाचं लाल.

"बाई, पिवळ्यांवर जोर द्या. थोडा टेकू दिला की ती पलीकडे जातात. लाल मुलांमागे घातलेला वेळ वाया जातो."

"वाया?"

"शब्द चुकला माझा. पण अर्थ तोच राहतो ना. पास किती झाली ते बघूनच शाळेला श्रेणी मिळते."

"तिसरीत तुझं कार्ड कोणत्या रंगाचं झालं असतं रे?"

"लाल," म्हणाला. "पण तेव्हा ही भिंत नव्हती, बाई."

हजरजबाबी आहे. माझ्याच हाताखालून गेलाय.

२९ जानेवारी

काल रागात लिहिलं. आज कायद्याबद्दल सरळ लिहिते, म्हणजे माझं मलाच नीट दिसेल.

तिसरीच्या शेवटी राज्याची वाचनाची परीक्षा. नापास झालं तर चौथीत जायचं नाही. आणखी दोन संधी मिळतात, त्यानंतर फाटक बंद. इथे सगळे त्याला फाटकच म्हणतात. यंदा पास व्हायची पातळी एक पायरी वर नेली आहे. गेल्या वर्षी जी मुलं सुटली असती ती यंदा अडकणार.

मी या कायद्याच्या बाजूची. आजही. टेरेलच्या वर्गातले दोघे गावाबाहेरच्या मासे साफ करायच्या कारखान्यात आहेत. बारावी पास, आणि यंत्रावरची धोक्याची पाटी वाचता येत नाही. आमच्या शाळांनी त्यांना दर वर्षी वरच्या वर्गात ढकललं. पोरांची मनं जपली आणि पोरं बुडवली. कायदा आल्यावर राज्याच्या राजधानीतून शिक्षकांना वाचन शिकवायला शिकवणारी एक तरुण बाई आली. अक्षराचा आवाज, आवाजाला आवाज जोडायचा, मग शब्द. मी तोंड वाकडं केलं होतं. चुकले. पद्धत चालते. कायद्याशिवाय ती बाई या कापसाच्या सपाट मुलखात कशाला आली असती?

फक्त एक गोष्ट. काळ्या-गोऱ्या, गरीब-श्रीमंत मुलांमधलं अंतर मिटवायचं, असं भाषणांत सांगतात. हायवेपलीकडे अकादमी आहे. आम्हा काळ्या मुलांना ज्या हिवाळ्यात गोऱ्यांच्या शाळेत बसू दिलं, त्याच हिवाळ्यात गोऱ्यांनी आपल्या मुलांसाठी ती काढली. नाताळच्या सुट्टीनंतर वर्गात गेले तर निम्मी बाकं रिकामी. ती शाळा अजून चालते. खाजगी आहे, म्हणून तिथे ही परीक्षा नाही, फाटक नाही, भिंत नाही. अंतर मोजायचं आणि मोजपट्टी एकाच टोकाला!

१ फेब्रुवारी

नेकियाला काढलं नाही.

१२ फेब्रुवारी

ही मुलगी एवढे दिवस कशी निभावली ते आज कळलं. चित्र बघते आणि गोष्ट रचते. इतक्या सफाईने, की ऐकणाऱ्याला वाटावं वाचतेच आहे. मधे थांबते, बोट फिरवते, पान उलटते.

मी चित्रावर हात ठेवला.

"हात काढा ना बाई, मग वाचते."

"हात राहू दे, मग वाच."

रुसली. मी वाट बघितली. मला भरपूर वेळ रुसू देता येतं. मग पहिलं अक्षर, दुसरं, दोन्ही मिळून एक आवाज. एक ओळ झाली. घामाघूम. एका ओळीला!

जाताना दारात थांबली. पहिलीत एकदा मागे राहिलेली आहे, त्यामुळे वर्गात सगळ्यांत उंच. तिची धाकटी बहीण ब्रिया दुसरीत आहे. जूनपर्यंत नेकिया फाटकातून गेली नाही तर ऑगस्टमध्ये दोघी तिसरीत.

"ब्रियाला वाचता येतं, बाई. ती मला झोपताना गोष्ट वाचून दाखवते."

"चांगलं आहे की."

"मी मोठी आहे," म्हणाली. एवढंच.

५ मार्च

टेरेल वर्गात येऊन मागे बसला. गटाच्या टेबलाशी तीन पिवळी आणि तीन लाल त्याने बघितली. मुलं गेल्यावर बोलला.

"शेजारच्या वर्गात जाऊन बघा. गटात सगळी पिवळी. सांगितलेलं ऐकतात काही लोक."

"कायद्यात 'प्रत्येक मूल' लिहिलंय. काठावरचं प्रत्येक मूल, असं नाही लिहिलं."

"बाई, मला सहा वर्षांत तिसरा प्राचार्य म्हणून आणलाय. श्रेणी वाढली नाही तर चौथा येईल. तो तुम्हाला 'बाई' म्हणणार नाही."

तो वाईट मुलगा नाही. त्याच्यावरही कोणीतरी कार्ड टाचलेलं आहे.

कॅमरीचंही लिहायला हवं. पिवळ्यांतला, हुशार, चंचल. मी लाल मुलांना घेते तेव्हा त्याच्या वाटणीचा वेळ कमी होतो. हे मला दिसतं. वेळ रबराचा नाही.

१९ मार्च

पाय सुजले. निवृत्तीचा अर्ज पाठवून दिला. जुलैपासून. वर्गात कोणाला सांगितलेलं नाही.

रविवार, ७ एप्रिल

प्रार्थनेनंतर पास्टरांनी तिसरीच्या मुलांना पुढे बोलावलं. दर वर्षीचं आहे हे. मुलांनी पेन्सिली वर धरल्या, सगळ्या मंडळींनी हात पुढे केले, आशीर्वाद झाला. पाच वर्षांच्या पोरांनीही हात केले.

बाहेर पास्टरांना म्हटलं, "परीक्षा आता कंप्युटरवर असते, माहीत आहे ना?"

"प्रुइट बाई, तुम्ही देवाचेही पेपर तपासायला लागलात काय?"

लोक हसले. मीसुद्धा, थोडंसं.

ओपल शेजारी उभी होती. नेकियाची आजी. दोन्ही नाती तिच्याकडेच वाढतात. ती त्या मासे साफ करायच्या कारखान्यात कामाला आहे. बोटं थंड पाण्याने कायमची वाकडी झालीत. हळूच म्हणाली, "बाई, खरं सांगा. जाईल का पलीकडे?"

"फेब्रुवारीत एका ओळीला घाम फुटत होता. आता परिच्छेद वाचते."

"ते चांगलंच. पण मी विचारलं ते वेगळं."

"माहीत नाही, ओपल."

९ एप्रिल

परीक्षा झाली. आत काय होतं ते लिहायचं नाही, तशी सही केलेली आहे. इतकं लिहिते — सगळी उठली तरी नेकिया बसून होती. पडद्यावरचं चित्र डाव्या हाताने झाकून वाचत होती. मी सांगितलं नव्हतं.

१६ मे

निकाल आले. नेकिया नापास. सर्वांत खालच्या पातळीवरून वर चढली. गेल्या वर्षीचा नियम असता तर पास होती. यंदा एक पायरी कमी पडली. मुलगी वर आली आणि पायरीही वर गेली.

माझ्या पिवळ्यांपैकी चार अडकली, कॅमरीसुद्धा. शेजारच्या वर्गातलं एकही पिवळं नाही.

कॅमरीची आई आली. बँकेत असते, नीटनेटकी बाई. बसली नाही.

"माझ्या मुलाचा वेळ तुम्ही त्या ओपलच्या नातीला दिलात असं ऐकलं."

"हो."

"का?"

"तिला जास्त लागत होता."

"आणि त्याला नव्हता लागत? बाई, मीसुद्धा कर भरते. माझंसुद्धा मूल काळंच आहे. त्यालासुद्धा हे फाटक एकदाच मिळतं."

गेली. तिचं काही चुकलं नाही.

३० मे

पहिली फेरपरीक्षा. कॅमरी सुटला. चारही पिवळी सुटली. नेकिया नाही.

२७ जून

दुसरी फेरपरीक्षा. नेकिया नाही. दोन प्रश्न इकडचे तिकडे झाले असते तर गेली असती. फाटक बंद.

शिक्षकांच्या खोलीत आज केक होता. एकूण पास होणाऱ्यांचा आकडा वाढला आहे, श्रेणी वर जाईल अशी आशा आहे. मी एक तुकडा घेतला, रुमालात ठेवला, घरी आणून टाकून दिला.

२९ जून

ओपल आली. ओट्यावर बसलो. येताना पेट्रोल पंपावरच्या दुकानातून तामाले, मक्याच्या पिठाचे मसालेदार उंडे, आणले होते. मक्याच्या पानातून वाफ येत होती, पण दोघींनी हात लावला नाही.

"माझी भाची नदीपलीकडे राहते," ओपल म्हणाली. "पूल ओलांडला की दुसरं राज्य. तिथे हे फाटकबिटक काही नाही. पोरीला सरळ चौथीत बसवतील. ब्रिया तिसरीत. दोघींचा मान राहतो."

"आणि तू?"

"मी इथेच. कारखाना इथे आहे. रविवारी जाईन." मग विचारलं, "तुमची नात असती तर काय केलं असतं, बाई?"

मी विचार करून बोलले. मला हे अजूनही खरं वाटतं. म्हटलं, तिथे तिला कोणी अडवणार नाही आणि कोणी विचारणारही नाही. चौथी, पाचवी, सहावी, पुढे पुढे. ती पुन्हा चित्रं बघून गोष्टी रचायला लागेल, आणि मोठ्या पुस्तकांत चित्रं नसतात. आता कुठे वाचायला लागली आहे. इथे ठेव. मला एक वर्ष दे. ख्रिसमसपर्यंत ती ब्रियाला वाचून दाखवेल.

"एकाच वर्गात दोघी?"

"तिसरीचे दोन वर्ग आहेत. ब्रियाला शेजारी बसवू."

"पण तुम्ही तर निवृत्त होताय म्हणे."

या गावात काही लपत नाही.

"अर्ज मागे घेते."

ओपल म्हणाली, "कारखान्यातल्या बायका मला मूर्ख म्हणतील. पूल समोर आहे आणि ही फाटकाशी बसलीय. पण तुम्ही शिकवणार असाल तर ठेवते."

"शिकवते," म्हटलं.

मग तामाले खाल्ले. गार झाले होते.

२ जुलै

अर्ज मागे घ्यायला गेले. टेरेलने दार लावून घेतलं. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"राहताय याचा आनंद आहे, बाई. दुसरीचा वर्ग देतो. नाहीतर ग्रंथालय घ्या, पायांना आराम."

"तिसरी. नेकिया ज्यात असेल ती."

"ते नाही जमणार."

मला वाटलं मार्चचा राग काढतोय. तसं नव्हतं. त्याने कायदा काढून माझ्यापुढे ठेवला. मागे राहिलेल्या मुलांना चांगला निकाल असलेल्या शिक्षकाच्याच हाती द्यायचं, असं कलम आहे. चांगला म्हणजे कोणता ते आकड्यांवरून ठरवायचं. आमच्या जिल्ह्यात पहिल्या परीक्षेत वर्गातली किती मुलं पास झाली ते धरतात.

"तुमची चार पिवळी एप्रिलमध्ये अडकली. तुम्ही त्यात बसत नाही."

"मे महिन्यात सुटली की."

"एप्रिलचंच धरतात."

"मग नेकिया कोणाकडे?"

"शेजारच्या वर्गात."

"जिने जानेवारीत आपली सगळी लाल मुलं गटातून काढली, तिच्याकडे."

"जिने सांगितलेलं ऐकलं, तिच्याकडे," टेरेल म्हणाला. मग आवाज उतरला. "मी जिल्ह्याला फोन करून बघितला, बाई. केला मी. ते म्हणाले, एका शिक्षिकेसाठी कायदा वाकवता येत नाही. आणि वाकवावा असं तुम्हाला तरी वाटतं का? उद्या कोणीतरी कामचुकार माणूस हेच सांगत येईल."

नाही वाटत. तेच तर.

"ब्रियाचा वर्ग देतो तुम्हाला," म्हणाला. "तिला वाचता येतं."

३ जुलै

कलम चांगलं आहे. मागे पडलेल्या मुलाला शाळेतला सर्वांत चांगला शिक्षक मिळाला पाहिजे. मला विचारलं असतं तर मी स्वतः हेच लिहिलं असतं, याच शब्दांत.

४ जुलै

स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. रस्त्यावर फटाके. मी दारं लावून झोपले.

८ जुलै

ओपलकडे गेले. तिची पाळी संपायची होती, तिच्या पायरीवर वाट बघत बसले. आली ती रबरी बूट हातात घेऊन.

"पलीकडे ने तिला," म्हटलं.

"त्या दिवशी तुम्हीच तर —"

"त्या दिवशी मी शिकवणार होते. आता मला देत नाहीत."

का, ते सांगितलं. तिने बूट खाली ठेवले.

"तुम्ही शिकलेली माणसं," ओपल म्हणाली. "शब्द देताना खालची बारीक अक्षरं वाचत नाही का? माझ्या नातीला चित्र झाकून वाचायला लावता."

मी तिचे बूट उचलून भिंतीशी लावून ठेवले.

"कायदा चांगला, असं चर्चमध्ये तुम्हीच सांगत होतात. आठवतं ना? मी हात वर केला होता तुमच्या मागे."

"चांगलाच आहे, ओपल. नसता तर नेकियाला वाचता येत नाही हे मला फेब्रुवारीत कळलंच नसतं."

"मग आता काय करू मी त्याचं? ताटात वाढू?"

नेकिया जाळीच्या दारामागे उभी होती. हातात सरबतात मुरवलेली लाल काकडी, हनुवटीपर्यंत रस. सगळं ऐकलं होतं तिने.

"तिथे पण वाचावं लागतं का, बाई?"

"तिथे कोणी सांगणार नाही. आपण होऊन वाचावं लागेल."

"ते जास्त कठीण आहे."

"हो."

आजीने तिला तोंड धुवायला आत पाठवलं. मग मला म्हणाली, "जाताना दोघींचे फ्रॉक शिवून देणार आहे. नवीन शाळेत नवे कपडे. तेवढं तरी." आणि मग, माझ्याकडे न बघता, "आठवडाभर घरात आवाज नसेल. टीव्ही लावून ठेवीन."

१० जुलै

निवृत्तीचा अर्ज मागे घ्यायचं राहिलंच होतं. राहू दिला.

२२ जुलै

सामान न्यायला शाळेत गेले. भिंतीवर नव्या वर्षाची कार्डं लागली आहेत. नेकियाचं कुठेच नाही. दाखला काढून दुसऱ्या राज्यात निघालेलं मूल इथल्या मोजणीतून निघतं. टेरेल म्हणाला, "आकड्याला मदतच होईल." म्हणाला आणि ओशाळला. त्याला तसं म्हणायचं नव्हतं. पण आता त्याची जीभ आपोआप तिकडेच वळते. माझ्या खोक्यांना हात लावून गाडीपर्यंत आला.

"रविवारी चर्चमध्ये भेटू, बाई."

"बघू."

सोमवार, २९ जुलै

पूल ओलांडून गेलो. मी, ओपल, दोघी मुली. पलीकडच्या शाळेच्या कचेरीत पुढीलप्रमाणे दिलं:

ब्रियाचा दाखला, तिसरीसाठी. नेकियाचा दाखला, चौथीसाठी. दोघींचे लसीचे कागद. ओपलच्या भाचीच्या पत्त्याचा पुरावा. वाचनाची पातळी लिहायला रकाना नव्हता. लागत नाही म्हणाले. दाखल्यामागे लिहून दिली.

माझं शिक्षिकेचं प्रमाणपत्र, आणि चौथीच्या शिक्षिकेच्या रिकाम्या जागेसाठी माझा अर्ज. टेबलामागची मुलगी म्हणाली, "बाई, वय?" लिहिलंय, म्हटलं.

पोच घेतली.